आतून रंगवायची गाडी: स्लॉट कारच्या पारदर्शक बॉडीवर रंग आणि डीकॅल

मूळचे नाशिकचे आणि सध्या बर्मिंगहॅममध्ये नोकरी करणारे एक वाचक विचारतात: "१/२४ मापाची पोर्शे ९१७ ची पारदर्शक बॉडी आणली. प्लास्टिकच्या मॉडेलसाठीचा लाल स्प्रे बाहेरून मारला, पाण्यात भिजवून लावायचे डीकॅल (छापील चित्रं-आकड्यांच्या पातळ फिल्म) लावले आणि सगळ्यावरून लॅकरचा हात दिला. गाडी सुरेख दिसत होती. क्लबच्या ट्रॅकवर दुसऱ्याच धडकेत रंगाचे पोपडे उडाले, २३ मधला ३ सुटून ट्रॅकवर पडला आणि खिडक्यांवर लॅकर गेलं होतं तिथे जाळीसारख्या बारीक चिरा आल्या. माझं काय चुकलं? आणि नवी बॉडी कशी रंगवू?"

रंग चुकला, बाजू चुकली आणि लॅकरही चुकलं. नवखी माणसं हेच करतात, कारण दुकानात तिन्ही वस्तू शेजारी शेजारी असतात आणि डब्यावर 'प्लास्टिकसाठी' एवढंच ठळक असतं. मी ओहायोत बावीस वर्षं स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर धावणाऱ्या छोट्या गाड्या, पळवतो आहे आणि जवळपास तितकीच वर्षं इतरांच्या बॉड्या रंगवून देतो आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी प्लास्टिकविषयी. घरी जोडायच्या मॉडेलचं किट असतं पॉलिस्टायरीनचं. तुमची बॉडी आहे पॉलिकार्बोनेटची. १९५३ साली जर्मनीत बायरने आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने हे प्लास्टिक एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधलं, आणि जनरल इलेक्ट्रिकने दिलेलं 'लेक्सन' हे नाव आमच्या छंदात कायमचं रुळलं. पातळ पत्रा तापवून साच्यावर निर्वाताने ओढला की बॉडी तयार होते. जाडी थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात, मोजतात, पिंपरी-भोसरीच्या वर्कशॉपात म्हणतात तसंच. सात थाऊ म्हणजे ०.१८ मिलिमीटर, दहा थाऊ म्हणजे पाव मिलिमीटर. हा झाला मूळ पत्रा. साच्यावर ताणला गेल्यामुळे नाकावर आणि कोपऱ्यांवर तो आणखी पातळ होतो. अशी बॉडी भिंतीवर आपटली की आत दबते आणि पुन्हा मूळ आकारात येते. तिच्यावर बसणारा रंगही तसाच दबून सावरणारा हवा. मॉडेलचा रंग कडक वाळतो आणि लेक्सनला धरत नाही, म्हणून त्याचे पोपडे उडतात.

पॉलिकार्बोनेटसाठी वेगळे रंग मिळतात. तामियाच्या डब्यावर 'पीएस' अशी अक्षरं असली तर तो पॉलिकार्बोनेटचा, 'टीएस' असली तर पॉलिस्टायरीनचा. तुम्ही बहुधा टीएस घेतला असणार. पीएसमधलं द्रावण लेक्सनचा पृष्ठभाग किंचित चावतं आणि त्यामुळे रंग घट्ट धरतो. हाच रंग पॉलिस्टायरीनवर मारला तर ते प्लास्टिकच खराब होतं, म्हणून डबे वेगवेगळ्या फळीवर ठेवा. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन) असेल तर लेक्सनसाठी बनवलेले पाण्यावर आधारित रंगही चालतात. त्यांना प्रत्येक हातानंतर हेअर ड्रायरची ऊब द्यावी लागते. वासाचा त्रास मात्र खूपच कमी. पीएस मारताना खिडकी उघडी हवी आणि तोंडावर साधा कापडी नाही, तर द्रावणाची वाफ अडवणारा मास्क हवा.

आता बाजू. लेक्सनची बॉडी आतून रंगवायची. धडक, घासणं, शेजारच्या लेनमधल्या गाडीचा फटका हे सगळं बाहेरच्या प्लास्टिकवर जातं आणि रंग त्याच्याआड सुरक्षित राहतो. शिवाय प्लास्टिकचीच चकाकी असल्यामुळे वर ग्लॉस मारायची गरज उरत नाही. पण आतून रंगवायचं म्हणजे क्रम पूर्ण उलटतो. आपण जे आधी मारू ते लोकांना सगळ्यात वर दिसतं. आपल्याकडच्या जुन्या काचेवरच्या चित्रांची रीत हीच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी चित्रं आहेत. कलावंत काचेच्या मागच्या बाजूने आधी डोळ्यांच्या रेघा, नथ, दागिन्यांचे ठिपके काढतो, मग चेहऱ्याचा रंग भरतो आणि पार्श्वभूमी सगळ्यात शेवटी. एकदा चेहऱ्याचा रंग भरला की डोळा दुरुस्त करता येत नाही. बॉडी हातात घेतली की मला ती चित्रं आठवतात आणि पहिल्या रेघेला जरा जास्त वेळ देतो.

रंगाआधीची धुलाई वगळू नका. साच्यावरून आलेल्या बॉडीला बोटांचं तेल असतं, कधी साच्याचं वंगणही. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून आतून-बाहेरून बोटांनी धुवा, घासणी अजिबात लावू नका. भरपूर पाण्याने खळबळवा, पाणी झटकून वाळू द्या, मग आतून आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा पुसा. ॲसिटोन आणि थिनर लेक्सनच्या आसपासही नकोत. ते लागलं की प्लास्टिक दुधाळ होतं आणि ताण असलेल्या जागी तडकतं. तुमच्या खिडक्यांवरची जाळी याच जातीची, लॅकरमधल्या द्रावणाने केलेली. ती आता निघणार नाही.

कडेची झालर, म्हणजे बॉडीच्या खालचा फाजील पत्रा, रंग पूर्ण होईपर्यंत कापायची नाही. धरायला तीच उपयोगी पडते आणि रंगाचा फवारा बाहेरच्या बाजूला जाण्यापासून अडवतेही. आरसी, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, गाड्यांच्या बॉड्यांवर बाहेरून एक संरक्षक फिल्म येते. पुण्या-मुंबईत आरसी चालवणाऱ्यांना ती ठाऊक असेल. स्लॉट कारच्या बॉडीवर ती बहुतेक वेळा नसते. म्हणून बाहेरून मास्किंग टेप किंवा स्वयंपाकघरातली क्लिंग फिल्म लावून घ्या.

ते झाकण्याआधी पारदर्शकपणाचा फायदा घ्या. बाहेरून मार्करने पट्टे, गोल, खिडक्यांच्या कडा आखा. लांबून बघा, फोटोशी ताडून बघा, पटलं नाही तर अल्कोहोलने पुसून पुन्हा आखा. आतून टेप लावताना ती रेघ आरपार दिसते आणि टेप तिच्यावरून लावत जायची. मग रेघा पुसून बाहेरची बाजू झाका.

खिडक्या. बॉडीसोबत कापीव व्हिनाइलचे मास्क आले असतील तर वापरा. ते नसतील तर द्रवरूप मास्क, म्हणजे रबरासारखा वाळणारा चीक. ब्रशने आतून तीन-चार हात द्यायचे, प्रत्येक हात पूर्ण पारदर्शक होईस्तोवर वाळू द्यायचा. पातळ राहिला तर सोलताना तुकडे पडतात आणि अर्धा तास नखाने उकरण्यात जातो. मग नवं ११ नंबरचं ब्लेड घ्या आणि रेघेवरून कापा. इथे हाताचा दाब अजिबात नको. ब्लेडच्या स्वतःच्या वजनाने जेवढं कापेल तेवढंच. ब्लेड बोथट झालं की माणूस नकळत दाबतो, म्हणून एका बॉडीला एक ब्लेड असा माझा नियम आहे.

हा नियम एका मोडलेल्या बॉडीतून आला. सुरुवातीच्या काळात मी एक बॉडी फार जीव लावून रंगवली होती, आठवड्याभराच्या संध्याकाळी घालवून. शर्यतीत गाडी वळणावर सुटून भिंतीवर नाकाने आदळली. फार जोरात नव्हे. पण पुढच्या काचेचा खांब कडेच्या रेघेवरून सरळ तुटला आणि छत झाकणासारखं उघडलं. घरी भिंगाखाली पाहिलं, तर तडा बरोबर माझ्या ब्लेडच्या ओरखड्यातून गेलेला. सात थाऊच्या पत्र्यावर एक थाऊचा चर पडला, तर सगळा ताण तिथेच गोळा होतो. तेव्हापासून खांबांपाशी मी कापतच नाही. तिथे पातळ मास्किंग टेपची पट्टी आधी काचेवर कापून घेतो आणि मग बॉडीत चिकटवतो.

आता तुमच्याच गाडीचा क्रम. २३ क्रमांकाची लाल-पांढरी ९१७ म्हणजे १९७० सालची ल माँ, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, जिंकलेली गाडी, पोर्शे साल्झबुर्ग संघाची. हान्स हेरमान आणि रिचर्ड ॲटवूड यांनी ती चालवली आणि पोर्शेला ल माँचं पहिलं एकूण विजेतेपद मिळवून दिलं. पहिल्याच प्रयत्नासाठी तुम्ही फार चांगली गाडी निवडली आहे, कारण तिचे रंग उलट्या क्रमात अगदी सहज बसतात.

सगळ्यात आधी काळा २३. आतून लावायचा म्हणजे आकडे उलटे हवेत, आरशात दिसतात तसे. व्हिनाइलमध्ये आकडे कापून स्टेन्सिल करा, आकड्यांची जागा उघडी ठेवा, बाकी सगळं झाका आणि काळ्याचे दोन पातळ हात द्या. स्टेन्सिल काढा आणि हे काळं रात्रभर वाळू द्या. त्या रात्रीची घाई करू नका, कारण पुढचा गोल मास्क याच काळ्यावर चिकटणार आहे आणि कच्चा रंग तो सोलताना उचलून आणेल. दुसऱ्या दिवशी क्रमांकाचा गोल आणि सगळे पांढरे पट्टे मास्क करा. गोलासाठी कमी चिकट टेप घ्या. ती आणखी सौम्य करायची तर एकदोनदा स्वच्छ कापडावर चिकटवून काढा. मग लाल मारा. लाल वाळल्यावर गोल आणि पट्टे सोला आणि आता संपूर्ण बॉडीवर आतून पांढरा मारा. तोच पांढरा पट्ट्यांत आणि गोलात दिसतो, तोच लालच्या मागचं अस्तर होतो. वेगळं अस्तर द्यायची गरज नाही. वजनही वाचतं आणि या गाड्यांत वजन वाचवणं महत्त्वाचं असतं.

अस्तर का लागतं हे एकदा डोळ्यांनी पाहून घ्या. फक्त लाल मारलेली बॉडी दिव्यासमोर धरा, ढगाळ ठिपके दिसतात. लाल, पिवळा, नारिंगी हे रंग आरपार प्रकाश जाऊ देणारे. मागे पांढरं असेल तर उजळ दिसतात, मागे काळी चासी असेल तर लाल विटकरी होतो आणि पिवळा हिरवट. फ्लोरोसंट रंगांना तर पांढऱ्याशिवाय काही अर्थच नाही. चमकत्या कॅंडी रंगांमागे चंदेरी द्या.

याच कारणाने गल्फ या तेल कंपनीच्या रंगांतली गाडी नवख्याला फसवते. फिकट निळी बॉडी, नारिंगी पट्टा. 'निळा फिकट आहे, नारिंगी गडद आहे, गडद आधी' एवढाच नियम लक्षात ठेवून माणूस नारिंगी आधी मारतो. तिथपर्यंत बरोबर. पण मग थेट त्याच्या मागे निळा मारतो आणि नारिंगी मळकट तपकिरी दिसू लागतो. नारिंगीच्या मागे, पट्ट्याचा मास्क हलवायच्या आत, पांढऱ्याचा हात हवा. मग निळा. गडद आधी की फिकट आधी यापेक्षा 'या रंगाच्या मागे काय दिसणार आहे' हा प्रश्न विचारलात तर क्रम आपोआप सुचतो.

मारायची पद्धत. डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेवा, उकळत्या पाण्यात कधीच नाही, आणि मनापासून हलवा. टेपच्या कडा नखाने किंवा टूथपिकच्या बोथट टोकाने दाबून घ्या. अंतर वीतभर किंवा थोडं जास्त. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करायचा, बॉडीवरून न्यायचा आणि बाहेर गेल्यावर थांबवायचा. पहिला हात इतका कोरडा आणि विरळ की रंग मारला की नाही असं वाटावं. हा धुक्यासारखा हात टेपची कड बंद करतो आणि पुढचा रंग खाली पाझरत नाही. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. एका जाड हाताने झाकायला गेलात तर चाकांच्या कमानीत रंग साचतो, ओघळ येतात आणि तेवढा द्रावणाचा मारा पातळ पत्र्याला ठिसूळ करतो. एअरब्रशला हवेचा १५ ते २० पीएसआय दाब पुरतो.

टेप सोलताना ती स्वतःवरच दुमडून, पृष्ठभागाला लागून, सावकाश ओढा. सरळ वर ओढली तर कड फाटते. रंग हाताला लागेनासा झाला की सोलायला हरकत नाही.

कोकणात, मुंबईत किंवा कुठेही पावसाळी दमट हवेत मारणाऱ्यांसाठी एक गोष्ट. द्रावण उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतलं बाष्प त्यावर बसतं आणि रंग दुधाळ होतो. आतून मारल्यामुळे ते दुधाळपण थेट समोर दिसतं आणि वरून काही झाकताही येत नाही. पाऊस थांबलेल्या कोरड्या दुपारची वाट पाहा. आणि इथून कुणी भारतात जाताना रंगाचे स्प्रे बॅगेत घालू नका, विमानात त्यांना परवानगी नसते. बाटलीतले पाण्यावरचे रंग आणि तिथे घेतलेला एअरब्रश हा जास्त सोपा मार्ग.

आता डीकॅल, जो तुमचा अर्धा प्रश्न होता. माझं ठाम मत आहे की जे टिकायलाच हवं ते आत, जे बदललं तरी चालेल ते बाहेर.

पाण्यात भिजवायचे डीकॅल स्थिर मॉडेलसाठी उत्तम. शर्यतीच्या बॉडीवर बाहेरून लावले तर ती बारीक फिल्म पहिल्या घासण्यातच उचलते. शिवाय आमच्या इथल्या आठ लेनच्या व्यावसायिक ट्रॅकवर प्रत्येक हीटला, म्हणजे शर्यतीच्या प्रत्येक फेरीला, गाडीवर त्या लेनच्या रंगाचा छोटा स्टिकर लागतो: लाल, पांढरा, हिरवा, नारिंगी, निळा, पिवळा, जांभळा, काळा. एका शर्यतीत तो आठ वेळा लावला आणि काढला जातो. घाईत हात पडेल तिथे तो चिकटवतात आणि निघताना खालचा डीकॅल सोबत घेऊन जातो. तुमच्या ट्रॅकवर ही पद्धत असेल तर छतावर एक सपाट रिकामी जागा त्यासाठी ठेवा.

पण हेच डीकॅल आतून लावता येतात, रंगाच्या आधी, आणि मग ते बॉडीइतके टिकतात. घरी छापत असाल तर पारदर्शक डीकॅल कागदावर आरशातली प्रतिमा छापा. लेझर प्रिंटरची छपाई थेट भिजवता येते. इंकजेटची शाई पाण्यात पसरते, तिला आधी पारदर्शक ॲक्रिलिकचा हात देऊन वाळवावं लागतं. घरचा प्रिंटर पांढरी शाई छापत नाही. बाहेरून लावणाऱ्यांना ही मोठी अडचण, आतून लावणाऱ्याला नाही, कारण छपाईत जिथे रिकामं तिथे मागचं पांढरं अस्तर दिसतं. म्हणून आतला डीकॅल पांढऱ्या गोलात किंवा पट्ट्यात ठेवा. लाल भागावर पिवळा लोगो असा लावलात तर मागच्या लालने तो गिळला जाईल. तिथे लोगोच्या आकाराइतकाच पांढरा ठिपका आधी मागे द्यायला हवा, आणि ते काम कष्टाचं आहे.

लावताना कोमट पाणी, तीस सेकंद, डीकॅल कागदावरून सरकू लागला की बॉडीत उतरवायचा. खाली पाण्याचा थेंब असू द्या म्हणजे जागेवर हलवता येतो. मग मऊ ओल्या ब्रशने मधून कडेकडे पाणी बाहेर काढत जायचं. खाली हवा राहिली तर बाहेरून ती चंदेरी डागासारखी दिसते आणि रंग मारल्यावर काही करता येत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी बॉडी उलटी करून बाहेरून बघा. रात्रभर वाळवा. आणि मग त्यावर लगेच पीएसचा ओला हात देऊ नका. त्यातलं द्रावण डीकॅलच्या फिल्मला सुरकुत्या पाडतं. पहिला हात पाण्यावरच्या पांढऱ्या रंगाचा, किंवा तो नसेल तर पीएसचे दोन-तीन अगदी कोरडे, धुक्यासारखे हात.

बाहेरच्यासाठी पातळ व्हिनाइलचे स्टिकर. छापील रेघेच्या आतून कापा, पारदर्शक कड ठेवू नका आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरा पहिला उचलतो. लावायच्या जागी साबणाच्या पाण्याचा फवारा मारा, स्टिकर तरंगत जागेवर आणा, मधून बाहेर पाणी दाबून काढा. ९१७ च्या मडगार्डसारख्या दोन्ही दिशांनी वळलेल्या जागी सपाट स्टिकर बसतच नाही. तिथे हेअर ड्रायरने ऊब देऊन ताणा, किंवा कडेला छोटा छेद देऊन कडा एकमेकींवर चढवा. नाकाचं टोक आणि मागचे कोपरे सोडून द्या. त्यावर लॅकर नको. काही मारायचंच असेल तर पाण्यावरचं ॲक्रिलिक ग्लॉस, तेही फक्त स्टिकरच्या कडेवर.

जुन्या बॉडीविषयी एक सावधगिरी. साठच्या दशकातल्या काही बॉड्या लेक्सनच्या नसून ब्युटिरेटच्या होत्या. त्या पिवळ्या पडतात, ठिसूळ होतात, द्रावणाचा रंग त्यांना खातो आणि हेअर ड्रायरने त्या वाकतात. अशी एखादी मिळाली तर फक्त पाण्यावरचे रंग, आणि तिला ट्रॅकवर नेऊ नका.

सगळं वाळल्यावरच झालर कापा, सरळ कडेला साधी आणि चाकांच्या कमानीला लेक्सनची वाकडी कात्री. कमानीत कुठेही टोकदार कोपरा ठेवू नका, तडा तिथूनच सुरू होतो. पिन जिथे चासीत जातात तिथे आतून मजबुतीची टेप लागते. ती रंगावर लावली तर रंगालाच धरते, प्लास्टिकला नाही. म्हणून मी खालच्या कडेला तेवढी बोटभर जागा सुरुवातीलाच मास्क करून कोरी ठेवतो.

तुमची सध्याची लाल बॉडी टाकू नका. बाहेरचे सैल पोपडे टेपने उचलून काढा, राहिलेला रंग तसाच असू द्या. तिची आतली बाजू अजून कोरी आहे. नवी बॉडी उघडण्याआधी त्या आतल्या बाजूला द्रवरूप मास्क लावा आणि फक्त ब्लेडच्या वजनाने एक खिडकी कापून बघा. मग बॉडी उजेडात तिरकी धरा. मास्क कापला गेला आणि प्लास्टिकवर रेघ दिसत नाही, असं सलग तीन वेळा झालं की नवी बॉडी धुवायला घ्या.